फुकटचा वकील आणि शाल-श्रीफळ

दरवर्षी ९ नोव्हेंबरला कोर्टाच्या आवारात विधी सेवा दिनाचा फलक लागतो. भाषणे होतात, गरजूंचे खटले मोफत चालवणाऱ्या एखाद-दुसऱ्या वकिलाला शाल-श्रीफळ मिळते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो अमलात आला १९९५ साली, याच तारखेला. सत्काराला हरकत नाही. मात्र तो नेमका कशाबद्दल, याविषयी इतके गैरसमज आहेत की ज्यांच्यासाठी ही सोय आहे तीच माणसे तिच्याकडे फिरकत नाहीत.

पहिला घोळ ओळखीचा आहे. ‘कोर्ट सरकारी वकील देतं’ असे सर्रास म्हटले जाते. सरकारी वकील आरोपीविरुद्ध उभा असतो. विधी सेवेतून मिळालेला वकील आरोपीच्या बाजूने, सरकारी वकिलासमोर. या वकिलाला प्राधिकरणाकडून मानधन मिळते. मोफत असते ते पक्षकाराला. स्वतःच्या खिशाला खार लावून काम करणारे वकील वेगळे. केंद्राच्या न्याय विभागाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘न्याय बंधू’ उपक्रमात असे वकील आपणहून नाव नोंदवतात. सत्काराच्या मंचावर या दोघांची सरमिसळ होते आणि श्रोत्यांचा समज होतो की सगळेच उपकार आहेत. तसे नाही. राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचे कलम ३९-अ आले ४२व्या दुरुस्तीने, १९७६ मध्ये. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की तुरुंगातल्या कैद्याला निकालाची नक्कल मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तोही दिला पाहिजे. हक्क मागायला गेलेल्या बाईने हात जोडून उभे राहायचे कारण नाही.

‘पिवळं रेशन कार्ड असेल तरच’ हेही खोटे. कायद्याचे कलम १२ काढून पाहा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळ-भूकंपाचे बळी आणि कोठडीतली व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. पोटगीसाठी भांडणारी बँकेतली कारकूनसुद्धा यात बसते. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे आणि उत्पन्नाबद्दल साधे शपथपत्रही पुरेसे मानता येते. दाव्यात दम आहे का, हे मात्र पाहिले जाते. मदत फौजदारी खटल्यांपुरती नाही. जमिनीचा, घराचा, नोकरीचा वादही चालतो, आणि कोर्ट फी नि नकलांचा खर्चही त्यात येतो.

आता नाजूक मुद्दा: फुकटचा वकील कच्चा असतो. निखालस खोटे म्हणून मी हे झटकणार नाही. अनोखीलाल खटल्यात, २०१३ मध्ये, मध्य प्रदेशातल्या एका सत्र न्यायालयाने आरोपीला वकील नेमून दिला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित केले. पंधरवड्यात निकाल लागला, शिक्षा फाशीची. वकिलाला कागद वाचायला तरी वेळ कुठे होता? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि बजावले की फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच नेमावा आणि तयारीला साधारणपणे निदान सात दिवस द्यावेत. दोष ‘फुकट’ असण्यात नव्हता, घाईत होता. विधी सेवेच्या पॅनेलवर येण्यासाठीही सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी बचाव वकिलांची कार्यालये उघडली जात आहेत. त्यांच्या प्रमुखाला फौजदारी कामाचा दहा वर्षांचा अनुभव हवा आणि त्यांना खासगी खटले घेता येत नाहीत.

‘नंतर हिस्सा मागतात’ ही भीतीही ऐकू येते. विधी सेवेच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे. आणि निकालातून टक्केवारी ठरवणे तर कुठल्याच वकिलाला चालत नाही, फी घेणाऱ्यालाही नाही. कोणी मागितलीच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी.

या कामाचा खरा कस कोर्टात दिसतच नाही. जामीन मंजूर होतो, पण माणूस आत राहतो, कारण जामीनदार नाही. घर दुसऱ्या जिल्ह्यात, भाऊ ऊसतोडीला गेलेला, सातबारा आजोबांच्या नावावर, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंगाला त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि प्राधिकरणाने वकील पाठवावा. तो वकील गावात फोन लावतो, नातेवाईक शोधतो, अट शिथिल करण्याचा अर्ज टाइप करून घेतो. यात युक्तिवाद नाही, पुकारा नाही, बातमी तर नाहीच. माझ्या मते शालीचा पहिला मानकरी हा.

‘गरजूंसाठी अशी वकिली हे परदेशी फॅड आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: १८७९ मध्ये पुण्यात वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेतले ते ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशींनी, सरकारची खप्पामर्जी पत्करून.

राहिला प्रश्न, मोफत काम केल्याने वकिलाचे काय भले होते. ‘नाव कमवायला करतात’ असे बार रूममध्येच कुजबुजतात. नाव कमवायचे तर ते लिहिणार कुठे? बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. गरजूंना मोफत मदत हे त्याचे थोर कर्तव्य असल्याचे तेच नियम सांगतात. २०१७ च्या इंदिरा जयसिंग निकालाने ज्येष्ठ अधिवक्ता निवडताना मोफत केलेल्या कामाला गुणांत जागा दिली होती. मे २०२५ मध्ये ती गुणपद्धतच रद्द झाली. हायकोर्टांनी नवे नियम करावेत, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या नियमांत तुरुंगात घातलेल्या खेपांची नोंद एखाद्या रकान्यात घ्यायला काय हरकत आहे?