लांबची सहल, न धुता: किती कपडे पुरतात?

लांबच्या सुट्टीचे कपडे भरायला घेतले की आधी दिवस मोजले जातात. सहल २१ दिवसांची असेल तर २१ जोड हवेत, नाहीतर मध्येच कुठेतरी धुणे काढावे लागेल, असा हिशेब घरोघरी होतो. या हिशेबात एक गोष्ट सुटते. जोडातले सगळे कपडे सारखे मळत नाहीत. बनियन एका दिवसात मळतो, त्यावरचा शर्ट दोन दिवस चालतो, पँट चार-पाच दिवस निघते आणि स्वेटर सहलभर पुरतो. म्हणून किती कपडे लागतील हे दिवसांवर कमी ठरते. कपडा अंगाला कुठे आणि किती टेकतो, तो कशाचा आहे आणि तिथली हवा कशी आहे, यावर ते जास्त ठरते.

दिवसाला एक जोड हा हिशेब वजनातही बसत नाही. सुती शर्ट साधारण २०० ते २५० ग्रॅमचा असतो, साधी पँट ४०० ते ५०० ग्रॅमची आणि जीन्स ६०० ते ८०० ग्रॅमची. २१ शर्ट आणि २१ साध्या पँटी धरल्या तरी १४ किलो होतात, आणि त्यात आतले कपडे आलेलेच नाहीत. रिकामी बॅगच तीन किलोंच्या आसपास असते. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो सामान आणि ७ किलो हातसामान नेऊ देतात. रेल्वेत मर्यादाच नसते, हाही गैरसमजच आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत माणशी ४० किलो, सेकंड एसीत ५० आणि फर्स्ट एसीत ७० किलो सामान मोफत नेता येते. ही मर्यादा सैल आहे हे खरे, पण बॅग जिना चढून पुलावरून पलीकडच्या फलाटावर न्यायची असते ती स्वतःलाच.

आता दुसरा हिशेब. दिवसाला एक बनियन, एक अंडरवेअर आणि एक मोज्यांचा जोड मिळून सुमारे २०० ग्रॅम होतात, म्हणजे २१ दिवसांचे ४.२ किलो. त्यावर दहा शर्ट (सव्वादोन किलो), चार पँटी (पावणेदोन किलो), रात्रीचे तीन जोड (सव्वा किलो) आणि एक स्वेटर, एक पातळ रेनकोट व एक पंचा मिळून एक किलो. बेरीज साडेदहा किलोंच्या आतबाहेर येते, आणि त्यातला एक जोड प्रवासाच्या दिवशी अंगावरच असतो. तीन किलोंची बॅग धरूनही १५ किलोंत दाढीचे सामान, औषधे आणि चपला यांना जागा उरते. तीन आठवडे एकही कपडा न धुता राहता येते ते असे.

दहा शर्ट २१ दिवस पुरतील यावर मात्र पुष्कळांचा विश्वास बसत नाही, कारण घामाला वास येतो अशी समजूत पक्की असते. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख साध्या घर्मग्रंथी असतात आणि त्यांतून पाणी व मीठ बाहेर येते. काखेत आणि जांघेत वेगळ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव दाट असून त्यात मेद आणि प्रथिने असतात. त्वचेवरचे बॅक्टेरिया हा स्राव खातात, आणि त्यातून जी द्रव्ये तयार होतात त्यांना वास येतो. या क्रियेला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. म्हणूनच संध्याकाळी काढलेला शर्ट बोळा करून बॅगेत कोंबला तर सकाळी कुबट लागतो. तोच शर्ट उलटा करून हँगरवर, पंख्याखाली रात्रभर टांगला तर दुसऱ्या दिवशी घालण्याजोगा राहतो. उलटा करणे महत्त्वाचे आहे, कारण काखेची शिवण आणि कॉलरची आतली घडी याच दोन जागा ओल धरतात. कॉलरवर दिसणारी काळपट रेघ ही त्वचेतले तेल आणि कोंडा यांची असते. बनियन किंवा पातळ टी-शर्ट आत असला तर ही ओल आणि हे तेल त्यातच अडकते आणि शर्ट मोकळा राहतो. दहा शर्टांची किमया प्रत्यक्षात २१ बनियनांची असते.

आतल्या कपड्यांत काटकसर करू नये. 'अंडरवेअर उलटी घालून आणखी एक दिवस काढता येते' हा सल्ला प्रवासी मंडळींत फिरतो आणि तो वाईट आहे. जांघेतली ओल, घर्षण आणि उबदारपणा हे गजकर्णाच्या बुरशीला लागणारे सगळे साहित्य आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीचा गजकर्ण भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो नेहमीच्या औषधांना अनेकदा दाद देत नाही आणि बरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. ५०-६० ग्रॅम वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. मोज्यांचेही तसेच. तळपायावर घर्मग्रंथी दाटीने असतात आणि बंद बुटात ओल सुकत नाही. पायांत चप्पल किंवा सँडल असेल तेव्हा मात्र मोजे लागत नाहीत, म्हणून समुद्रकाठच्या सहलीत मोज्यांचे जोड निम्म्यावर आणता येतात.

साडी नेसणाऱ्या बायकांचे सामान सर्वांत जास्त होते, असेही मानले जाते. खरे तर साडी ही न धुता पुन्हा वापरण्यासाठी फार सोयीची आहे. घाम शोषतो तो ब्लाऊज आणि परकर. साडीचा बहुतेक भाग, म्हणजे निऱ्या आणि पदर, अंगाला टेकतच नाही. जो भाग टेकतो तो कमरेशी, परकरावर असतो. घरातल्या जुन्या बायका लग्नकार्याला चार दिवसांसाठी जाताना दोन साड्या आणि चार ब्लाऊज नेत, त्यामागे हे शहाणपण होते. तीन आठवड्यांसाठी सहा-सात सुती किंवा शिफॉनच्या साड्या, त्यांना जुळणारे बारा-तेरा ब्लाऊज आणि सहा परकर पुरतात. ब्लाऊज १०० ग्रॅमच्या आसपास भरतो, साडीच्या मानाने नगण्य. ब्लाऊज दोन-तीन साड्यांवर चालतील अशा रंगांचे निवडले की काम आणखी सोपे होते. रेशमी साडी तर घामाने खराब होते, म्हणून ती नेसून उतरवल्यावर सावलीत वाऱ्यावर टांगावी आणि मगच घडी करावी. सलवार-कमीजला हा फायदा नाही, कारण कमीज काखेत घट्ट बसतो. त्याचा हिशेब शर्टासारखाच धरावा लागतो.

कापडाबद्दल दोन उलट समजुती आहेत. एका बाजूला 'सुती तेच उत्तम', दुसऱ्या बाजूला 'सिंथेटिक लवकर सुकते म्हणून प्रवासाला तेच'. दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत. प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरते आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे पॉलिएस्टर लवकर सुकते हे खरेच. पण ते पाणी धरत नाही, तेल धरते, आणि वासाची द्रव्ये बहुतांशी तेलात विरघळणारी असतात. २०१४मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायाम करणाऱ्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांना सुती टी-शर्टांपेक्षा अधिक उग्र वास आला आणि त्यांवर मायक्रोकॉकस जातीचे बॅक्टेरिया जोमाने वाढलेले आढळले. म्हणून धुणे होणारच नसेल तर पॉलिएस्टरचा मुख्य फायदा, पटकन सुकणे, वायाच जातो आणि तोटा तेवढा उरतो. तीन आठवड्यांच्या सहलीत अंगाला टेकणारा कपडा सुती ठेवावा आणि पॉलिएस्टर वरच्या जाकिटापुरते.

या शर्यतीत पहिली येते ती लोकर. ऐकायला विचित्र वाटते, कारण आपल्याकडे लोकर म्हणजे टोचणारा स्वेटर. मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर बारीक असते आणि तिचे टी-शर्टसारखे पातळ कपडे निघतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल धरूनही ओली लागत नाही आणि वासाची द्रव्ये तंतूतच अडकवून ठेवते. तिच्यावर बॅक्टेरिया जगत नाहीत असे मात्र नाही. ते असतात, फक्त वास कमी बाहेर येतो. असा टी-शर्ट चार-पाच दिवस चालतो. किंमत खूप आहे, त्यामुळे सहलीसाठी एक-दोनच घेणे परवडते.

कापड ठरले तरी आकडा सगळीकडे एकच राहत नाही. जुलैत कोकणात किंवा गोव्यात हवेची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि टांगलेला शर्ट सकाळीही दमटच राहतो. तिथे शर्ट दोनदा घालायचा हिशेब चालत नाही. रोजचा एक धरावा लागतो. लेहमध्ये, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे कळतही नाही, आणि तोच शर्ट तीन दिवस चालतो. उन्हाळ्यात नागपूर तापते, पण हवा कोरडी असल्याने कपडा टांगला की लगेच सुकतो, फक्त मिठाचे पांढरे डाग उमटतात. गडद कपड्यावर हे डाग जास्त दिसतात. 'काळे कपडे न्या, मळत नाहीत' या सल्ल्यातली त्रुटी इथेच आहे. काळ्यावर चहाचा डाग लपतो, मीठ आणि धूळ लपत नाही. मळखाऊ म्हणून करडा किंवा खाकी रंग बरा, बारीक चौकटी असतील तर अधिकच.

जीन्स महिनोन्‌महिने धुवावी लागत नाही, या म्हणण्याला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका प्रयोगाचा आधार दिला जातो. एका विद्यार्थ्याने एकच जीन्स न धुता १५ महिने वापरली. नंतर ती धुऊन १३ दिवस वापरली आणि पुन्हा तपासली, तेव्हा दोन्ही वेळचे बॅक्टेरियांचे प्रमाण सारखेच निघाले. मात्र हा एका माणसाचा, एका जीन्सचा आणि थंड, कोरड्या गावातला प्रयोग आहे. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्याने घातलेल्या जीन्सला तो लागू करता येत नाही. शिवाय जीन्स जड असते आणि पावसात भिजली तर दोन दिवस सुकत नाही. चार पँटींत एखादी जीन्स पुरे, तीही प्रवासाच्या दिवशी अंगावर घालून जावी.

जीन्स रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की निर्जंतुक होते, असेही सांगितले जाते. बॅक्टेरिया गोठण्याने मरतातच असे नाही, बरेचसे नुसते निपचित पडतात आणि अंगाच्या उबेने पुन्हा वाढू लागतात. परफ्यूमही वास झाकते, काढत नाही. घाम रोखणाऱ्या स्टिक किंवा रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घर्मग्रंथींची तोंडे तात्पुरती बंद करतात. ते झोपण्यापूर्वी कोरड्या काखेत लावले तर जास्त लागू पडतात. लावून लगेच शर्ट चढवला तर त्याच क्षारांनी काखेत पिवळे डाग पडतात.

जागेच्या बाबतीत हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांवर फार भरवसा ठेवला जातो. त्या कपड्यांचे आकारमान कमी करतात, वजन एक ग्रॅमनेही घटत नाही. बॅगेत जागा झाली म्हणून आणखी चार कपडे जातात आणि काट्यावर बॅग पंधरा किलोंच्या पुढे भरते. अशा पिशवीत दाबलेल्या सुती कपड्याला पक्क्या सुरकुत्याही पडतात. स्वेटर, रजईचे जाकीट अशा फुगीर कपड्यांसाठी ती ठीक. इतर कपडे गुंडाळून ठेवणे बरे. त्याने घडीच्या रेघा पडत नाहीत आणि बॅगेच्या कडेच्या फटी भरतात. जुन्या प्रवाशांची वळकटी याच तत्त्वावर बांधली जाई.

थंडीच्या ठिकाणी एक जाड कोट नेला की झाले, ही समजूत बॅगेची सर्वांत जास्त जागा खाते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनालीत, सुमारे दोन हजार मीटरवर, दुपारी जो कपडा पुरतो तो रोहतांगला, चार हजार मीटरच्या जवळ, पुरत नाही. ऊब कापडाची नसते, कापडात अडकलेल्या हवेची असते. म्हणून बनियन, शर्ट, स्वेटर आणि वर वारा अडवणारा तोच पातळ रेनकोट असे चार थर एका जाड कोटाचे काम करतात. दुपारी त्यातले दोन उतरवता येतात आणि चारही थर इतर दिवशी सुटे वापरता येतात. कोट तेवढ्या एका दिवसाचाच राहतो.

लहान मुलांचा हिशेब उलटा असतो. काखेतल्या त्या विशेष ग्रंथी वयात येईपर्यंत काम करत नाहीत, त्यामुळे मुलांच्या घामाला फारसा वास येत नाही. पण त्यांचे कपडे माती, आइस्क्रीम आणि घाटातली उलटी यांनी खराब होतात आणि त्यावर टांगून ठेवणे हा उपाय नाही. मुलांसाठी दिवसाला एक जोड धरावा आणि वर तीन-चार जास्तीचे घ्यावेत. त्यांचे कपडे हलके असतात, वजनाची अडचण येत नाही.

वापरलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची पद्धत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. आतली ओल आतच राहते, दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते घरी आल्यावरही सहसा निघत नाहीत. त्यासाठी जुन्या उशीचा अभ्रा किंवा कापडी पिशवी न्यावी, आणि तिच्यात टाकण्यापूर्वी कपडा रात्रभर टांगून सुकवावा. परतीच्या दिवशी बॅग जाताना होती तेवढीच भरेल असेही धरू नये. ओला पंचा किंवा पोहण्याचे ओले कपडे कोरड्यापेक्षा बरेच जड भरतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी सकाळी पोहणे टाळले तर विमानतळावरच्या काट्याशी भांडावे लागत नाही.