विमानाच्या पार्श्वचित्रातील संगणकीय छायांकन : मिग-२१ च्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
विमानाचे पार्श्वचित्र म्हणजे विमान एका बाजूने, दृष्टिरेषेशी काटकोनात ठेवून काढलेले चित्र. विमानाची आकृती, रंगसंगती, स्क्वॉड्रनचे चिन्ह व क्रमांक यांची नोंद त्यात एकत्र करता येते. नाशिकजवळील ओझर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात निर्माण झालेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वायुदलातून निवृत्त झाले. पुढील पिढीला ते संग्रहालये, छायाचित्रे आणि अशा चित्रांतूनच कळणार आहे. म्हणून या चित्रांतील छायांकन, म्हणजेच शेडिंग, शास्त्रशुद्ध कसे करावे याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

छायांकनाचे प्रयोजन :
पार्श्वचित्रात लांबी व उंची मोजता येते. रुंदी व गोलाई मात्र दिसत नाही. ही उणीव छाया भरून काढते. त्यामुळे छाया हा केवळ अलंकार नसून विमानाच्या आडव्या छेदाविषयी केलेले विधान असते. छाया चुकली की विधानही चुकते.

गोल धडाची छाया :
लँबर्टच्या नियमानुसार, चकाकी नसलेल्या पृष्ठभागाची उजळता प्रकाशकिरण व पृष्ठभागाचा लंब यांमधील कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात असते. प्रकाश पाहणाऱ्याच्या बाजूने, वरून ४५ अंशांत येतो असे मानू. धडाची त्रिज्या १०० पिक्सेल असल्यास सर्वांत उजळ पट्टा मध्यरेषेच्या वर सुमारे ७१ पिक्सेलवर येतो, अगदी वरच्या कडेला नव्हे. मध्यरेषा व वरची कड या दोन्ही ठिकाणी उजळता सुमारे ७१ टक्के राहते. मध्यरेषेखाली ७१ पिक्सेलवर थेट प्रकाश संपतो. त्याखालील कडेला जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश किंचित उजळवतो. वरून खाली एकसारखी काळी होत जाणारी छटा भरल्यास मात्र धड गोल न वाटता कललेल्या पत्र्यासारखे भासते.

थरांची मांडणी :
फोटोशॉप अथवा विनामूल्य उपलब्ध असलेल्या गिम्पमध्ये मूळ रंगाचा थर सर्वांत खाली, त्यावर चिन्हे व क्रमांक, त्यावर छाया, नंतर उजळ भाग आणि सर्वांत वर रेषा असा क्रम ठेवावा. छायेच्या थरासाठी ‘मल्टिप्लाय’ ही पद्धत निवडावी. तीत दोन्ही थरांच्या मूल्यांचा गुणाकार होतो, उदाहरणार्थ, ०.८ व ०.५ यांपासून ०.४ मिळते. पांढरा भाग खालील रंगात बदल करीत नाही. साधा करडा रंग वर पसरल्यास मूळ रंग मळकट होतो. गुणाकारात तो केवळ गडद होतो. छाया स्वतंत्र थरावर असल्याने तीच छाया एकाच आवृत्तीच्या विमानाच्या निरनिराळ्या रंगसंगतींना वापरता येते.

आकार व पृष्ठभागानुसार बदल :
मिग-२१ चे धड बहुतांशी गोल असले तरी पाठीवरील कणा वेगळ्या वळणाचा आहे. कणा व धड यांच्या सांध्यात छायेचा दुसरा पट्टा द्यावा लागतो. ‘बिस’ या आवृत्तीचा कणा आधीच्या ‘एफएल’पेक्षा जाड असल्याने एकीची छाया दुसरीला लावू नये. शेपटीचा उभा पंख जवळजवळ सपाट असतो; तेथे गोलाईची छटा अयोग्य ठरते. धडाच्या मध्यावर जोडलेल्या पंखाची सावली त्याखालील भागावर पडलेली दाखवावी.

सुरुवातीची मिग-२१ विमाने रंग न दिलेल्या धातूच्या पृष्ठभागाची होती. धातू प्रकाश विखुरण्याऐवजी सभोवताल परावर्तित करतो. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे निरीक्षण केल्यास हा भेद विद्यार्थ्यांना सहज उमगतो. घासलेल्या गुंडावर छटा हळूहळू बदलत नाही; उजळ व काळे पट्टे स्पष्ट कडांनी शेजारी येतात. अशा विमानावर वर आकाश, खाली जमीन व मध्ये क्षितिजाचा गडद पट्टा दाखवावा.

निष्कर्ष :
छायांकनापूर्वी विमानाच्या आडव्या छेदांची रेखाचित्रे मिळविणे अत्यावश्यक आहे. ती उपलब्ध नसल्यास छाया सौम्य ठेवणे अधिक प्रामाणिक होय. चित्रकला, गणित, भौतिकशास्त्र व इतिहास या विभागांना एकत्रितपणे राबविता येईल असा हा प्रकल्प आहे. त्यासाठी संगणक, विनामूल्य सॉफ्टवेअर आणि निरीक्षणासाठी एक घासलेले पितळी भांडे एवढी सामग्री पुरेशी आहे.