डिस्क मिररिंग : हार्डवेअर क्षमतेचे नियोजन

संगणकातील माहितीची तंतोतंत प्रत एकाच वेळी दोन डिस्कवर ठेवण्याच्या पद्धतीस डिस्क मिररिंग असे म्हणतात. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली ‘रेड’ ही संकल्पना मांडली, तेव्हा आधीपासून रूढ असलेल्या या पद्धतीस त्यांनी पहिल्या पातळीचे स्थान दिले. खरेदीच्या वेळी मात्र तिचा विचार बहुधा ‘दुप्पट डिस्क’ एवढ्यावरच थांबतो.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. ४ टीबीच्या दोन डिस्कमधून वापरास ४ टीबीच मिळतात. ४ व ६ टीबीची जोडी केली तरी तेवढेच.

खरा प्रश्न कामाच्या भाराचा आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कवर हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्याचे सुमारे ८.३ मिलिसेकंद त्यात मिळविल्यास, कॅशचा हातभार वगळता, एक डिस्क सेकंदाला साधारण ८० विनंत्या पूर्ण करते. निकालाच्या दिवशी महाविद्यालयाच्या सर्व्हरवर सेकंदाला ८४ वाचनाच्या व ३६ लेखनाच्या विनंत्या येतात, असे समजू. वाचन कोणत्याही एका डिस्कवरून भागते. लेखन दोन्हींवर करावे लागते. म्हणून एकूण भार ८४ अधिक ७२, म्हणजे १५६ होतो. दोन डिस्कची क्षमता १६० असल्याने कागदावर हे जमते. परंतु एक डिस्क बंद पडताच उरलेल्या डिस्कवर १२० विनंत्या येतात. माहिती सुरक्षित राहते, सेवा मात्र कोलमडते. दोन जोड्यांत भार समान विभागल्यास बिघडलेल्या जोडीतील डिस्कवर ६० विनंत्या पडतात व नव्या डिस्कवर प्रत उतरविण्यास थोडा वाव उरतो. क्षमता बिघाडाच्या तासांसाठीच मोजावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे तास थोडे नसतात : सेकंदाला १५० एमबी या वेगानेही ४ टीबीची प्रत होण्यास सुमारे साडेसात तास लागतात, आणि चालू कामासह तो वेग मिळत नाही.

जोडीतील दोन्ही डिस्क एकाच कंट्रोलरवर असल्यास तो बिघडताच दोन्ही प्रती एकदम हाताबाहेर जातात. आयबीएमच्या एएस/४०० प्रणालीत संरक्षणाची पातळी याच निकषावर ठरत असे. जोडीतील डिस्क वेगळ्या कंट्रोलरवर, त्याहून चांगले म्हणजे वेगळ्या बसवर असाव्यात, अशी अपेक्षा असे. तेव्हा अंदाजपत्रकात दुसऱ्या कंट्रोलरची रक्कम धरणे आवश्यक ठरते. बॅकअपची तरतूद निराळी करावी लागते, कारण चुकून पुसलेली गुणपत्रिका मिररिंगमुळे दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.