डॉक्टरांना तरी कुणी शिकवलंय?

“डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, पाळी जाताना असा त्रास व्हायचाच. म्हणजे औषध नसणारच ना?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर देताना हल्ली आवाज चढतो. औषध आहे हो! शिकवलेलं नसतं.

स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या म्हणजे रजोनिवृत्तीबद्दलही शिकल्याच असतील, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी स्त्रीरोग, मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांनाच विचारलं. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. उत्तर देणारे १७७. त्यातल्या २०.३ टक्क्यांनी रजोनिवृत्तीवर प्रशिक्षणात एकही व्याख्यान ऐकलं नव्हतं. पाळी जाणाऱ्या बायकांवर उपचार करायची आपली पुरेशी तयारी आहे, असं म्हणणारे फक्त ६.८ टक्के. यात त्या पोरांचा आळस नाही. अडलेलं बाळंतपण रात्री दोन वाजता समोर येतं, शिकावंच लागतं. घामानं भिजून रात्रीतून दोनदा गाऊन बदलणारी बाई वॉर्डात दाखल होतच नाही. तिला बघायचं कधी?

वर या त्रासावरचं मुख्य औषध हार्मोन, आणि “हार्मोन म्हणजे कॅन्सर” ही भीती. २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतल्या अभ्यासातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा प्रयोग मध्येच थांबवला गेला, तिथून ही पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३. निम्म्याहून अधिक जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. स्तनाचा कर्करोग वाढला, वर्षाला दहा हजार जणींमागे ८ जास्त. जोखीम खोटी नाही. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बाईला या गोळ्या सहसा देत नाहीत. पण साठीच्या आतल्या, असा धोका नसलेल्या, अंगाच्या भडक्यानं हैराण बाईला फायदा बहुधा जास्त, असं अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीचं २०२२ चं मत आहे. मेयोच्या पाहणीत मात्र नुकतीच पाळी गेलेल्या, त्रास होत असलेल्या पण कसलाही धोका नसलेल्या बाईलाही हार्मोन देणार नाही, असं सुमारे एकतृतीयांश डॉक्टर म्हणाले!

बाकीचे गैरसमज झटपट. रक्ततपासणीशिवाय निदान होत नाही? पंचेचाळिशीनंतर बहुतेकदा लक्षणं आणि पाळीच्या तारखा पुरतात. पिशवी काढली की रजोनिवृत्ती? पाळी थांबते, पण बीजकोश शाबूत असतील तर हार्मोन चालूच राहतात. पाळी अनियमित झाली की दिवस राहत नाहीत? राहतात.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला तर “उष्णता असेल” म्हणून सब्जा पीत बसू नका. लगेच तपासून घ्या.