लिंबाने मासा शिजतो का?

पेरूतल्या लिमा शहरात लेकीकडे राहून आलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: तिथल्या एका ‘वारिके’त, म्हणजे गल्लीतल्या चार टेबलांच्या स्वस्त खाणावळीत, सेविचे खाल्लं. ताज्या माशाच्या फोडींवर लिंबू पिळलं, मीठ-कांदा-मिरची घातली आणि काही मिनिटांत बशी समोर. चव अजून जिभेवर आहे. पण तो मासा शिजलेला होता की कच्चा?

दिसायला शिजलेला. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या घरात असतो. एवढ्या आम्लात माशाच्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि काचेसारखं मांस पांढरं, घट्ट होतं; अंड्याचा पांढरा भाग आचेवर होतो तसंच. (तिथलं लिंबू आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं! आशियातलं हे फळ स्पॅनिशांबरोबर तिकडे पोचलं.) पूर्वी मासा तासन्‌तास मुरवत. पेरूतल्या जपानी वंशाच्या स्वयंपाक्यांच्या प्रभावाने हा वेळ मिनिटांवर आला, हे बरंच झालं. फार मुरलेला मासा वातड होतो.

पण ‘लिंबाने शिजवलेला’ म्हणून निर्धास्त होऊ नये. तिथल्या समुद्री माशांत सापडणारी पट्टकृमीची अळी लिंबाला दाद देत नाही. तिला आच तरी हवी, नाहीतर उणे 20 अंशांत सात दिवसांची गोठवण. स्वस्तातला बोनितो तर आपल्या बांगड्या-सुरमईच्या कुळातला. असा मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते लिंबाने काय, उकळूनही जात नाही. सेविचे हे दुपारचंच जेवण, पहाटेचा मासा रात्री खायचा नाही, या तिथल्या जुन्या रीतीत भरपूर रसायनशास्त्र आहे.

एकदा मात्र सेविचेवर अन्याय झाला. 1991 मध्ये पेरूत कॉलऱ्याने तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले. संशय माशांवर गेला, कोळ्यांचा धंदा बसला, आणि राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी कॅमेऱ्यासमोर कच्चा मासा खाऊन दाखवला. एका पुढाऱ्याचं पोट म्हणजे काही पुरावा नव्हे! खरं तर कॉलऱ्याच्या जंतूला आम्ल सोसत नाही. त्रुहियो शहरात तपास झाला तेव्हा बोट रोखलं गेलं ते क्लोरीन न घातलेल्या नळाच्या पाण्याकडे.

आणि गल्लीबोळात एवढा मासा येतो कुठून? किनाऱ्यालगत वाहणारे वारे पृष्ठभागाचं पाणी दूर लोटतात, तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक माजतं आणि प्लवकावर मासे. किनाऱ्यालगतच्या या थंड सागरी प्रवाहाला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांचं नाव आहे. 1802 मध्ये त्यांनी त्याचं तापमान मोजलं होतं. नकाशावर आपलं नाव चढतंय म्हटल्यावर त्यांनीच हरकत घेतली: हा प्रवाह तीनशे वर्षं कोळ्यांच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, मी फक्त तापमान मोजलं. नकाशे करणाऱ्यांनी ऐकलं नाही.