असांते देवस्थाने : मातीच्या भिंतींवरील शिल्पकला

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, असांते राज्याची राजधानी असलेल्या कुमासीच्या आसपास, मुख्यतः ईशान्येच्या बाजूस, जुन्या असांते वास्तुशैलीतील दहा देवस्थाने टिकून असून १९८० साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. अठराव्या शतकात हे राज्य ऐन भरात असताना राजवाडे आणि सरदारांची घरेही याच धाटणीने बांधली जात. परंतु १८७४ साली ब्रिटिश सैन्याने कुमासी जाळले, त्यानंतरच्या संघर्षांतही मोठी हानी झाली, आणि त्या वैभवाचा प्रत्यक्ष पुरावा आज प्रामुख्याने या खेड्यांतल्या देवळांतच उरला आहे. १८१७ साली कुमासीला गेलेल्या टॉमस एडवर्ड बाउडिच या इंग्रजाने काढलेली तेथील घरांची चित्रे या भिंतींशी ताडून पाहिली, म्हणजे परंपरेचे सातत्य सहज ध्यानात येते.

मधला उघडा चौक आणि त्याभोवती चार खोल्या, अशी या देवस्थानांची रचना असते. त्यांपैकी तीन खोल्या चौकाच्या बाजूने मोकळ्या असून ढोलवादन, गायन आणि स्वयंपाक यांसाठी त्या वापरल्या जातात. चौथी खोली म्हणजे गाभारा, जिथे ‘ओबोसोम’, म्हणजे सर्वश्रेष्ठ ईश्वर न्यामे याच्या अधीन मानलेली आणि बहुधा नदीसारख्या निसर्गशक्तीशी जोडलेली देवता, वास करते. गाभाऱ्यापुढे मातीची नक्षीदार जाळी असते, आणि तिच्यापलीकडे ‘ओकोम्फो’, म्हणजे देवतेचा पुजारी, व त्याचे साहाय्यक यांनाच प्रवेश असतो. पाहुण्यांनी ही मर्यादा पाळणे हा त्या स्थळाचा मान आहे.

खरे वैभव आहे ते भिंतींवर. लाकूड व काटक्यांच्या कुडावर माती लिंपून उभारलेल्या या भिंतींचा खालचा भाग लाल मातीने घोटून गुळगुळीत केलेला असतो, तर वरचा भाग पांढरा असतो. त्यांवर मातीच्याच उठावात सर्पिल वेलबुट्टी, एकमेकांत गुंतलेल्या भौमितिक आकृती, पशुपक्षी आणि अर्थवाही ‘अडिंक्रा’ चिन्हे साकारलेली दिसतात. मान वळवून मागे पाहणारा ‘सँकोफा’ पक्षी त्यांपैकीच एक असून, मागे राहिलेले मोलाचे संचित परत जाऊन घ्यावे, ही शिकवण तो देतो.

एजिसू या गावाजवळच्या बेसेआसे येथील देवस्थान जीर्णोद्धारामुळे विशेष पाहण्यासारखे झाले आहे. १९०० साली ब्रिटिशांविरुद्ध असांत्यांचे नेतृत्व करणारी एजिसूची राजमाता याआ आसान्तेवा हिने युद्धापूर्वी येथे कौल घेतला, अशी परंपरा सांगते.

माती, लाकूड आणि गवत यांवर पाऊस, उष्ण दमट हवा व वाळवी यांचा मारा अखंड चालू असतो. अनेक ठिकाणी उंच, तीव्र उताराची शाकारलेली छपरे जाऊन त्या जागी कमी उताराचे पत्रे आले. डागडुजीचे काम त्यामुळे हलके झाले खरे, पण इमारतीची मूळ ठेवण मात्र बिघडली, आणि ही हानी भिंतीवरची नक्षी झडण्याइतकीच गंभीर मानली पाहिजे.