वॉलनट ग्रोव्हची जमीन कुणाची?

मिनियापोलिस :

नेटफ्लिक्सने २०२५च्या जानेवारीत 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' ही जुनी टीव्ही मालिका नव्याने काढायचं जाहीर केलं आणि एकही प्रसंग चित्रित होण्याआधी भांडण जुंपलं. मेगन केली या माजी टीव्ही निवेदिकेने, हिच्यात आजचं 'वोक' राजकारण घुसडाल तर खबरदार, असा दम भरला. जुन्या मालिकेत लॉरा झालेल्या मेलिसा गिल्बर्टने तिला उलट सुनावलं. आधी मूळ मालिका पुन्हा बघा, म्हणाली. वर्णद्वेष, व्यसन, बलात्कार, बायकोला मारहाण, सगळं आमचं तेव्हाच दाखवून झालंय.

मालिका जुनी असली तरी अडगळीत गेलेली नाही. नील्सनच्या मोजणीनुसार २०२४ या एका वर्षात अमेरिकनांनी स्ट्रीमिंगवर तिची १३ अब्जांहून जास्त मिनिटं पाहिली. अमेरिकन माणसाला स्वतःविषयी काय वाटतं हे जाणून घ्यायचं, तर निवडणुकीतल्या भाषणांपेक्षा ही मालिका जास्त कामाची आहे.

एनबीसीवर ती सुरू झाली ११ सप्टेंबर १९७४ला. जेमतेम महिन्यापूर्वी वॉटरगेटपायी निक्सन पायउतार झाले होते. व्हिएतनामची जखम ओली होती आणि पेट्रोल पंपांवरच्या रांगा लोक विसरले नव्हते. अशा दिवसांत दर आठवड्याला चार्ल्स इंगल्स नावाचा कष्टाळू, शब्दाचा पक्का बाप घरोघरी येऊ लागला. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, गाव मिनेसोटातलं वॉलनट ग्रोव्ह. मायकेल लँडन हा 'बोनान्झा'मुळे आधीच लोकांच्या ओळखीचा झालेला नट. इथे तो नायकही होता, कार्यकारी निर्माताही आणि कितीतरी भागांचा लेखक-दिग्दर्शकही. समजूतदार आई, मेरी, लॉरा आणि कॅरी या तीन मुली, गावच्या दुकानदाराची नाकाने कांदे सोलणारी बायको हॅरिएट ओलसन आणि तिची आगाऊ पोरगी नेली. नऊ हंगाम हा संसार चालला. दर भागात संकट यायचं आणि कुटुंब एकत्र उभं राहून ते निभावून न्यायचं.

ज्या टेकडीवरून या मुली धावत खाली येताना मालिकेच्या सुरुवातीला दिसतात, ती मात्र मिनेसोटात नाही. चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत. खरं वॉलनट ग्रोव्ह मिनियापोलिसहून मोटारीने अडीच-तीन तासांवर. तिथे टेकडी औषधालाही सापडत नाही; क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. गावाबाहेर प्लम क्रीक नावाचा ओढा आहे. १८७४ साली इंगल्स कुटुंब या ओढ्याच्या काठात खोदलेल्या घरात राहायला आलं. माती कोरून केलेली एक खोली आणि वर मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेकळांचं छप्पर. ते केव्हाच बसलं. आता तिथे एक खळगा आणि एक फलक आहे. जागा एका शेतकऱ्याच्या खासगी जमिनीत येते. प्रवेशाचे पैसे पेटीत टाकायचे आणि आत जायचं. तिकीट फाडणारं कुणी नसतं.

ज्यांच्या पुस्तकांवरून मालिका निघाली, त्या लॉरा इंगल्स वाइल्डर या घरातल्याच. जन्म १८६७चा, विस्कॉन्सिनचा. पहिलं पुस्तक आलं १९३२ साली. त्यांच्या खऱ्या बापाचं बिऱ्हाड कायम पाठीवर. विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, पुन्हा मिनेसोटा, शेवटी डाकोटा प्रदेशातलं डी स्मेट. प्लम क्रीकला गहू हाताशी आला आणि टोळधाड पडली. १८७३ ते १८७७ ही या भागात टोळांचीच वर्षं होती. १८७५च्या अखेरीस, आपल्याजवळ कसलंही साधन उरलेलं नाही असं लिहून देऊन चार्ल्स इंगल्सनी सरकारी मदतीचं पीठ घेतलं. पुढच्या वर्षी नऊ महिन्यांचा मुलगा गेला. १८७९ साली मेरीची दृष्टी गेली. मालिकेने मेरीचं लग्न लावून दिलं. खरी मेरी जन्मभर अविवाहित राहिली.

ते पीठ पुस्तकांतही नाही. पुस्तकांवर संपादकीय हात फिरवणारी लॉराबाईंची मुलगी रोझ वाइल्डर लेन ही रूझवेल्टच्या 'न्यू डील'ची कट्टर विरोधक. महामंदीत निम्मा देश सरकारच्या तोंडाकडे बघत असताना या मायलेकींनी स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या कुटुंबाची गोष्ट सांगितली. टीव्हीने ती आणखी घासूनपुसून घेतली.

पण स्वतःच्या पायावर उभं राहायला पायाखाली जमीन लागते आणि ती आली सरकारकडून. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन किरकोळ शुल्कात मिळायची. अट एवढीच, पाच वर्षं राहून ती कसायची. देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा असा वाटला गेला. डी स्मेटला इंगल्सनीही याच कायद्याखाली जमीन घेतली. कूळकायद्याने आपल्याकडे जमीनदाराची जमीन कसणाऱ्या कुळाला दिली. इथे नांगर चालण्याआधी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाच हाकलण्यात आलं.

दक्षिण मिनेसोटा १८५१च्या करारांनी मूळनिवासी डाकोटा लोकांकडून लिहून घेतला गेला. बदल्यात कबूल केलेली रक्कम वेळेवर मिळेना. १८६२च्या उन्हाळ्यात लोक उपाशी होते आणि युद्ध पेटलं. २६ डिसेंबरला मॅनकेटो गावात ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवशी एवढ्या फाशी पुन्हा झालेल्या नाहीत. पुढच्या वर्षी कायदा करून डाकोटांना राज्याबाहेर काढलं. त्यानंतर अकरा वर्षांनी इंगल्सची गाडी प्लम क्रीकला आली. मालिकेत मॅनकेटोचं नाव वरचेवर येतं. मोठा बाजार, मालाची ने-आण, एवढाच त्याचा संबंध. आज मॅनकेटोत नदीकाठच्या स्मारकावर त्या ३८ जणांची नावं आहेत.

पुस्तकांतल्या मूळनिवासींच्या आणि काळ्या माणसांच्या चित्रणामुळे २०१८ साली ग्रंथपालांच्या संघटनेने लॉराबाईंचं नाव असलेल्या बालसाहित्य पुरस्काराचं नाव बदललं. तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. दोन्ही बाजू मालिकेचा शेवट मात्र विसरलेल्या दिसतात. १९८४च्या निरोपाच्या चित्रपटात गावकऱ्यांना कळतं, की वॉलनट ग्रोव्हच्या जमिनीचे कागद एका धनदांडग्याच्या नावावर आहेत आणि कायदा त्याच्याच बाजूचा. गाव त्याच्या घशात जाऊ नये म्हणून ते स्वतःच्या हाताने घरं सुरुंगाने उडवतात. पडद्यामागचं कारण साधं होतं : चित्रीकरणाची जागा मालकाला मोकळी करून द्यायची होती. पण कागदाच्या जोरावर बेघर होणं म्हणजे काय, हे वॉलनट ग्रोव्हच्या गोऱ्या बिऱ्हाडांना त्या एका चित्रपटात भोगावं लागलं. प्रेक्षक त्यांच्यासाठी रडले.

खऱ्या वॉलनट ग्रोव्हची वस्ती आज हजाराच्या आत आहे. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून परागंदा झालेल्या हमोंग लोकांपैकी काही कुटुंबं गेल्या पंचवीसेक वर्षांत इथे आली. त्यांतल्या एका बापाने हे गाव निवडलं ते मुलीला ही मालिका आवडायची म्हणून. त्याच्यामागून नातलग आले. त्यांनी घरं घेतली, किराणा दुकान काढलं आणि शाळेचा पट भरला. चार्ल्स इंगल्सला इथे टिकता आलं नाही, हे लोक टिकलेत. नवी मालिका 'वोक' असेल की नाही यावर अमेरिकनांनी खुशाल भांडावं. सातबारा कोणाकडून कोणाच्या नावावर चढला, हे तिने एकदा धडपणे सांगितलं, तर पन्नास वर्षांची राहिलेली गोष्ट पुरी होईल.